दिवाळी अंकाला कथा पाठवणं मी बंद केलंय, तुमचं काय?

मांजराकाठ
मंडळी, आडपडदा न ठेवता लिहितो. मागच्या जूनमध्ये एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती, उचल (आगाऊ पैसे) घेऊन ऊसतोडीला गेलेल्या एका कोयत्याची (माहीत नसलेल्यांसाठी, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आमच्याकडं). अट अशी की साहित्य अप्रकाशित पाहिजे, फेसबुकवर टाकलेलं सुद्धा चालणार नाही. म्हणून जून ते सप्टेंबर तोंड दाबून बसलो, बायकोशिवाय कुणाला वाचू दिली नाही. टोळ्या ट्रकात बसून निघून गेल्या, दिवाळी झाली, अंक आला, त्यात मी नाही. बरं नाही तर नाही, पण 'नको' एवढी दोन अक्षरं टाकायला काय जातं? दोनदा मेसेज केला, निळ्या टिका आल्या, पुढं काहीच नाही.

मग तीच कथा १४ भागांत फोडून कथा वाचायच्या ॲपवर टाकली. आठव्या भागाखाली एका पोरानं लिहिलं की दादा आम्ही कारखान्यावर आहोत, रात्री कोपीपुढं (झोपडीपुढं) एक जण मोबाईलवर वाचतो आणि बाकीचे जेवता जेवता ऐकतात, नववा भाग कधी टाकता. आता मला सांगा, ज्या माणसांची गोष्ट आहे तीच माणसं ऐकायलीत, तर मी तीनचारशे रुपयांच्या अंकात कशाला रांग लावू? तो अंक कोपीत कोण नेणार हाय? मी तर इथून पुढं फक्त ॲप. कुणाचं वेगळं मत असेल तर बोला, भांडायला मोकळाच आहे.

गोदाकाठची
दादा राग कळतो तुमचा, उत्तर न देणं वाईटच, त्याची बाजू कुणी घेणार नाही. पण अंक वाईट म्हणून ॲप चांगलं हे गणित मला पटत नाही.

माझा अनुभव सांगते. पहिली कथा पाठवली तेव्हा महिनाभरानं संपादकांचा फोन आला, मी भाकरी करत होते, हात पिठाचे, पोरानं फोन कानाला लावून धरला. ते म्हणले, ताई तुमची कथा दुसऱ्या पानावर सुरू होते, पहिलं पान फाडून टाका. पहिल्या पानात काय होतं तर आभाळ, ढग, चिमण्या, आणि गोदावरीचं पात्र दोन परिच्छेद. दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पान काढून वाचलं तर कथा सरळ विहिरीवरच्या भांडणातच उघडायली होती आणि हजारपट बरी होती. ते फाडलेलं पान आजही पेटीत आहे, वाचलं की लाज वाटते. ॲपवर मला हे कोण सांगणार होतं? तिथं "वाव ताई, खूपच छान" आणि गुलाबाचं फूल.

आणि आपण कुठल्या मातीतले आहोत ते तर बघा. आमच्या पैठणच्या नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, पाठ ताडून शुद्ध प्रत केली, शके १५०६ मध्ये. माउलींच्या ग्रंथाला सुद्धा साफ करणारा हात लागला, मग आपली कथा काय अशी वरून उतरलीय?

बालाघाटी
गोदाताई, नाथांचं नाव काढलंत तर पुढचं पण सांगा ना. त्याच नाथांनी बजावून ठेवलंय की ह्यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजा. म्हणजे चूक काढा, आपलं काही घुसडू नका. आजचे संपादक नेमकी नरोटीच ठेवायलेत.

माझी कथा छापून आली होती, नाकारलेली नव्हे, छापलेली. पाटोद्याकडची म्हातारी सांगते अशी गोष्ट. मी लिहिलं होतं "कामून आलतास रे", छापलं "का बरे आला होतास". अख्खी कथा अशी इस्त्री करून ठेवली, विचारलं नाही, दाखवलं नाही. अंक घेऊन गेलो घरी, आज्जीला वाचून दाखवला. आज्जी म्हणती, "ही कोण बाई बोलायली, पुण्याची हाय का?" त्या दिवसापासून अंक बंद. मानधन म्हणून अंकाचीच एक प्रत मिळाली, ती आज्जीच्या चुलीपाशी आहे, बहुतेक निम्मी संपली असंल.

आणि तुमच्या नाथांच्याच काळात आमच्या अंबाजोगाईला संतकवी दासोपंत होते. पंचीकरण हा ग्रंथ लिहायला बसले तर थेट पासोडीवर, कापडावर लिहिलं. चारशे वर्षं उलटून गेली तरी पासोडी हाय. कुणाला विचारलं का त्यांनी की कुठं पाठवू?

हुरडा_आणि_चटणी
दासोपंत आज असते तर उत्तर आलं असतं की कृपया युनिकोडमध्ये पाठवा, कापडाचा फोटो स्वीकारला जाणार नाही 😄

डीटीपीवाला_लातूर
माझ्यावरच आलं म्हणून बोलतो. १६ वर्षं झाली दिवाळी अंक लावतोय, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवतोय, छोटे, मोठे, पतसंस्थेचे, सगळे. तुम्हाला वाटतं संपादक कथा वाचून फेकून देतो. अहो वाचलेलीच नसते बऱ्याचदा. आतला हिशोब असा की अंक किती फॉर्मचा, म्हणजे किती पानांचा, ते जाहिरात ठरवते, कथा नव्हे. ऑगस्टपर्यंत निम्मी पानं मागवलेल्या साहित्यानं भरलेली असतात, म्हणजे ओळखीच्या लेखकांना मेमध्येच फोन गेलेला असतो. उरलेल्या जागेत आलेला सगळा गठ्ठा. त्यात शेवटच्या आठवड्यात कुणी सोनाराची नाहीतर खताची पानभर जाहिरात आणली की आधी कविता उडते मग छोटी कथा. संपादक म्हणजे तरी कोण, एखादे कॉलेजातले सर नाहीतर बँकेतून रिटायर झालेले, घरचं काम सांभाळून करतात. १९०९ साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा धंदा असा हौसेवरच चाललाय म्हणा.

लेखकांचं पण ऐका. माझ्या कॉम्प्युटरवर आत्ता 'कथा फायनल' नावाच्या २३ फायली आहेत. आत नाव नाही, फोन नाही, मेलपासून फाईल वेगळी झाली की कुणाची लेकरं कळत नाही. कुणी वहीचे तिरपे फोटो पाठवतं, त्यात अंगठा. कुणी पीडीएफ, ती श्रीलिपीत (आमच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) घ्यायला गेलं की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. फायलीला स्वतःचं नाव द्या, आत शेवटी पत्ता न् नंबर टाका, साधी युनिकोडमधली वर्ड फाईल, आणि मे-जूनमध्येच. एवढं केलं तरी छापतील असं नाही, पण निदान हरवणार नाही.

बालाघाटी भाऊ, 'कामून'चं 'का बरे' कधीकधी आमच्या प्रूफ वाचणाऱ्या काकांनी पण केलेलं असतं बरं का. फाईलच्या वरतीच लिहीत जा, बोली तशीच ठेवा म्हणून. लिहिलेलं असलं की काका हात लावत नाहीत.

कयाधू
तुम्ही सगळे अंक का ॲप करून भांडायलात, आमच्या हिंगोलीकडं तर तिसरंच पीक आलंय. व्हॉट्सॲप समूह. रोज विषय, रोज चारोळी, संध्याकाळी प्रमाणपत्र. पहिल्या पाचात उत्कृष्ट, पुढच्या दहांत उत्तेजनार्थ, म्हणजे कुणी रिकाम्या हातानं जातच नाही. माझ्याकडं असली साठेक आहेत, कोपऱ्यात दौत न् मोरपीस, मध्ये माझं आडनाव चुकलेलं. मग एक दिवस मेसेज, तुमची निवड 'प्रातिनिधिक' काव्यसंग्रहासाठी झाली आहे, चार पानांचे १५०० रुपये, सोबत सन्मानचिन्ह. मी भरले! खोटं कशाला बोलू. पुस्तक आलं, त्यात ८० कवी, आणि पुस्तक घेतलं कुणी तर त्याच ८० कवींनी. निवड झाली म्हणून जो पैसे मागतो त्यानं कविता नाही, आपलं पाकीट निवडलंय.

गोदाकाठची
हे मात्र शंभर टक्के. अंकवाले वर्षाची वर्गणी भरा म्हणतात ती समजू शकते मी, पण छापायची फी नाही म्हणजे नाही. आणि दिवाळी अंक सोडून दुसरं काही नसल्यासारखं का बोलायलो आपण? संभाजीनगरला मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक आहे, आधी जुने अंक वाचून मग पाठवा. साने गुरुजींनी १९४८ ला सुरू केलेलं 'साधना' साप्ताहिक आहे, पण तिथं मुख्य जोर वैचारिक लेखांवर असतो, प्रेमकथा पाठवून वर रुसू नका.

काळाकोट_संभाजीनगर
कायद्याचं थोडं. ॲपवर टाकलं की हक्क गेला, अंकात छापलं की हक्क गेला, हे दोन्ही चूक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लिहिणाराच पहिला मालक, नोंदणी केलेली असो वा नसो. नोकरीत राहून लिहिणाऱ्या पत्रकाराचं वेगळं, तुम्ही घरी बसून पाठवता त्यांचं नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी पाहिजे, तुमची सही पाहिजे. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. तेव्हा कुणी फोनवर "सर्व हक्क आमचे" म्हणलं तर हसून घ्या. ॲपच्या अटींत मात्र 'एक्सक्लुझिव्ह' हा शब्द शोधा. तो असेल तर तीच कथा दुसरीकडं देता येणार नाही, नसेल तर बिनधास्त.

अडचण कायद्याची नाहीच, क्रमाची आहे. अंकातून ॲपवर जाता येतं. ॲपवरून अंकात जाता येत नाही, कारण अप्रकाशितची अट.

मांजराकाठ
वकीलसाहेब, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणजे कोयत्याची कथा आता कुठल्याच अंकाला चालत नाही. असू दे. कोपीतल्या पोरानं ऐकली तेवढं बास.

गोदाकाठची
दादा, एक बोलू का, राग येणार नसेल तर. काल रात्री तुमचे १४ भाग वाचून काढले. पहिले पाच फार चांगले, ते उसाच्या पाचटीत झोपवलेलं लेकरू आणि बाई मोळी उचलताना त्याच्याकडं बघत बघत चालते, ते डोळ्यापुढून जाईना. पण सहाव्याच्या शेवटी मुकादम कोयता उगारून उभा, आणि सातव्यात कळतं की नारळ फोडायला उगारला होता! अंकाला पाठवलेल्या कथेत होता का हा नारळ?

मांजराकाठ
नव्हता.

बालाघाटी
😂😂 माझ्याच बाजूचा माणूस पडला की

मांजराकाठ
हसा. पण भागाच्या शेवटी काहीतरी टांगून ठेवल्याशिवाय लोक पुढचा भाग उघडत नाहीत हो, पाचव्या भागाचं वाचन एकदम निम्म्यावर आलं होतं, म्हणून नारळ आणला. संपादकानं 'का बरे' घातलं तर बालाघाटी चिडतो, आणि मी आपला स्वतःच्याच हातानं नारळ घालून बसलो, कुणी सांगितलं पण नव्हतं.

दुसरी एक कथा आहे, कुठंच टाकलेली नाही. अंकाचं नक्की नाही, पण तुम्ही वाचाल का ताई? पहिलं पान फाडा तेवढं म्हणू नका.

गोदाकाठची
पाठवा. फायलीला नाव द्या तेवढं.

डीटीपीवाला_लातूर
'कथा फायनल' नको 🙏