आरव्ही ट्रिपसाठी प्लॅनर घ्यावा का?

सांगलीकर: जुलैत आई-बाबा न्यू जर्सीला येतायत. सॉल्ट लेक सिटीहून ३० फुटी आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) घेऊन यलोस्टोन, ग्लेशियर ही नॅशनल पार्क करायचीयत. प्लॅनरबाई ४०० डॉलर मागतायत. द्यावेत का? बाबांना झोपताना श्वासासाठी सीपॅप मशीन लागतं, ते विजेवर चालतं.

चाकावरचं_घर: आम्ही दिले होते. हाती छान रंगीत पीडीएफ आली, आणि त्यात ग्लेशियरचा 'गोइंग टू द सन' रस्ता! त्याच्या मधल्या घाटात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी. आमची २८ फुटी. घाटाआधीच्या अॅव्हलांच कॅम्पग्राउंडपासून माघारी फिरलो. बायको तासभर बोलली नाही. म्हणून आधी विचारा, बाईंनी स्वतः आरव्ही चालवलीय का? यलोस्टोनमध्ये विजेचा हुकअप (गाडीला वीजजोडणी) फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कला मिळतो. बाकीकडे रात्री ८ नंतर जनरेटरही बंद. सीपॅप आहे ना? मग तिथलं बुकिंग आजच बघा.

भटकी_मावशी: स्वेटर आणा हो, जुलैतही तिथे रात्री गारठतं. आणि मैल्याची टाकी रिकामी करायला कोणी प्लॅनर येत नाही!

सांगलीकर: फिशिंग ब्रिजला दोनच रात्री मिळाल्या. घेतल्या. बाईंना नाही कळवलं. ग्लेशियरला आता छोटी गाडी भाड्याने बघतो.