मेडलची कड बघितलीत का?
वर कुणीतरी म्हटलंय की पहिल्या महायुद्धात लढलेल्या आपल्या पूर्वजाची सर्व्हिस फाइल (सैन्यातल्या नोकरीची नोंद) मिळाली नाही म्हणजे त्याचा शोध संपला, मला नाही पटत. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या निम्म्याहून जास्त फायली 1940 च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमध्ये जळाल्या, तरी लोक माग काढतातच की. घरात त्या युद्धाचं गोल मेडल असेल तर कड बघा, सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट (पलटण) कोरलेलं असतं. आमच्या पणजोबांचं मेडल सगळ्यांनी इतकं घासून चकचकीत केलेलं की टॉर्च तिरका धरून भिंगातून बघितलं तेव्हा कुठे नंबर दिसला (घासू नका प्लीज!). युनिट कळलं की त्याची वॉर डायरी (युनिटची युद्धातली रोजची नोंदवही) शोधायची, पण तिच्यात नावं बहुतेक ऑफिसरांचीच, साधे जवान नुसते किती जण एवढाच आकडा, त्यामुळे तारखा जुळवत बसावं लागतं.