मदत हवी आहे: बायकोने नोकरी धरली तर म्हाडाच्या सोडतीतून बाद होऊ का?

गिरणगावकर
बायकोला नोकरी लागतेय, सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. पण दोघांचं मिळून वर्षाचं ६ लाखांच्या वर जातं. जाहिरात आली की अर्ज भरणार आहे. तिने हो म्हणावं की घराचं होईपर्यंत थांबावं? लवकर सांगा प्लीज.

सुरणकंद
कुठलं मंडळ? अत्यल्प उत्पन्न गटाची वर्षाची मर्यादा मुंबई-पुणे-नागपूरसारख्या मोठ्या शहरांकडे ६ लाख, उरलेल्या महाराष्ट्रात ४.५ लाख. पगार किती, कधीपासून? काहीच न सांगता काय कप्पाळ उत्तर देणार!

नाना_डोंबिवलीकर
सोडतीच्या नादी लागूच नका. मेव्हण्याची उमेद त्यातच गेली. बदलापूरला प्लॉट घ्या.

सुरणकंद
नाना, प्लॉट कोणी विचारलाय?

अभ्यासू_मांजर
घर किती लांब लागतं तेही बघा. अहमदाबादेत १९८७ साली विडी कामगार बायकांसाठी घरांची सोडत निघाली. घरं शहरापासून १२ किमी लांब. सुमारे एक तृतीयांश विजेत्या तिथे राहायलाच गेल्या नाहीत, आणि १४ वर्षांनी पाहिलं तर घर न लागलेल्यांपेक्षा कमाईतही फरक नाही. ओळखीपाळखी तुटल्या, ते वेगळंच.

नाना_डोंबिवलीकर
म्हणजे मी तेच म्हणतोय.

सुरणकंद
अजिबात नाही, बदलापूर काय शहरात आहे?

गिरणगावकर
भांडू नका हो. कोकण मंडळ, विरार-बोळिंज. माझे महिन्याला ३८ हजार, तिचे १५, पुढच्या महिन्यापासून. आत्तापर्यंत ती घरीच होती.

सुरणकंद
हे आधी सांगायचं ना! नवरा-बायकोचं मिळूनच धरतात, पण मागच्या आर्थिक वर्षाचं. म्हणजे तुमचे साडेचार लाख आणि वर थोडे. या खेपेला अत्यल्पमध्येच. पुढे दोघांचं मिळून ६ लाखांवर गेलं की अल्प गट, ९ लाखांपर्यंत. खालच्या गटाला वरच्या गटात अर्ज करता येतो, वरच्याला खाली येता येत नाही. तरी जाहिरात आली की तारखा नीट वाचा. नोकरी सोडू नका.

लेडीज_डबा
नोकरी कुठे आहे ते विचारलं का कोणी? आमच्या मजल्यावरच्या दोघींनी घर लागल्यावर काम सोडलं. सकाळी विरारला गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

गिरणगावकर
भायखळ्याला, शिवणकामाच्या कारखान्यात. आत्ताच्या भाड्याच्या खोलीपासून चालत जाता येतं. बोळिंजहून दादरला गाडी बदलावी लागेल. मुलगी तीन वर्षांची आहे. तिकडे संध्याकाळी आठपर्यंत ठेवणारं पाळणाघर आहे का कुठे?

नाना_डोंबिवलीकर
बदलापूरला आहे एक.