मदत हवी आहे: बोटीत वजन कुठं आणि किती ठेवायचं? वेकबोर्डिंगची लाट डाव्या बाजूला फेसाळतेय

वासोट्याचा_वारा:

मंडळी, विषय जरा वेगळाच आहे, आपल्या भागात हे करणारे किती असतील देव जाणे, पण इथं ट्रॅक्टरपासून तराफ्यापर्यंत सगळ्यातले जाणकार सापडतात म्हणून विचारतोय.

मी साताऱ्याचा. मावसभावानं अन् मी निम्मे-निम्मे पैसे घालून गेल्या वर्षी एक सेकंडहँड फायबर बोट घेतली, १७ फुटी, मागं बाहेरनं लटकवलेलं ९० एचपीचं आउटबोर्ड इंजिन. बामणोलीच्या बाजूला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यात फिरवतो, धंदा नाही, सुट्टीच्या दिवशी आपले आपणच. आता भावाला वेकबोर्डिंगचं वेड लागलंय. माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पायात फळी बांधायची, बोटीमागं दोर धरून उभं राहायचं आणि बोटीच्या मागं दोन्ही अंगाला जी लाट उठते तिच्यावरनं उडी मारायची. म्हणजे सगळा खेळ त्या लाटेचा. ह्यासाठीच बनवलेल्या बोटींत तळाला टाक्या असतात, बटण दाबलं की तळ्यातलंच पाणी आत घेऊन बोट जड होते. आमच्यात तसलं काही नाही.

तर आमची बोट रिकामी पळते मस्त पण मागं लाट म्हणाल तर म्हशीनं शेपूट हलवल्यासारखी. यूट्यूबवर सगळे सांगतात बोट जड करा, ती जेवढी खाली बसेल तेवढं पाणी बाजूला सारेल अन् तेवढी लाट मोठी. पटलं. मग २५-२५ किलोची वाळूची ६ पोती भरली, १५० किलो, आणि सगळी मागं इंजिनाच्या पुढ्यात लावली, कारण लाट मागंच उठते ना, असा आपला हिशोब.

झालं काय, बोटीचं नाक आभाळाकडं. मला पुढचं काही दिसेना, उभं राहून चालवली. बोट पाण्यावर यायलाच, म्हणजे वेग घेऊन वर उचलून पाण्यावरनं घसरत पळायलाच, इतका वेळ लागला की भाऊ मागं नुसता पाणी पीत ओढला गेला आणि हात दुखले म्हणून दोर सोडून दिला. शेवटी कशीबशी वर आली, मोबाईलच्या जीपीएसवर २६-२८ चा स्पीड. लाट उंच झाली हे खरं पण भिंतीसारखी उभी, त्यात उजवीकडची बरी आणि डावीकडची वरनं फुटून नुसता फेस, आम्ही काढलेल्या व्हिडिओत पण तेच दिसतंय. भाऊ म्हणतो डावीकडनं उडी मारायला गेलो की फळीखाली काही लागतच नाही, साबणाच्या पाण्यात पाय घातल्यासारखं वाटतं.

पुढच्या रविवारी वाळू तशीच ठेवून नाकात ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची जुनी ट्यूब टाकली, पाणी भरून, पण अर्धीच भरली कारण सरकवता येईना. वळण घेतलं की आतलं पाणी एकीकडं पळतं, बोट त्या अंगाला कलते ती लवकर सरळच होत नाही. त्यात भाऊ पडला म्हणून मी एकदम थ्रॉटल सोडलं तर मागनं येणारी आमचीच लाट इंजिनाच्या बाजूनं आत, घोट्याएवढं पाणी. पंप चालू केला तर वाळूनं चोकअप. बादलीनं उपसलं. घरी सांगितलेलं नाही, इथं वाचणाऱ्या नातेवाइकांनी पण सांगू नये.

तर मागं किती पुढं किती ठेवायचं? वाळू बरी का पाणी? आणि डावीकडचीच लाट का फुटते, इंजिन वाकडं बसलंय का? मेकॅनिक म्हणतोय प्रोपेलर बदला. बोटीवरच्या पट्टीवर ६ माणसं आणि इंजिन सोडून एकूण ५०० किलो असं आहे. आम्ही चौघं, मी ८४, भाऊ ६२, दोन मित्र ७० आणि ९६. पेट्रोलची टाकी ५० लिटरची.

पोवई_नाका:
वाचून एवढंच कळलं की पैसा जास्त झाला की माणूस पाण्यावर वाळू फिरवतो.

वासोट्याचा_वारा:
बोट हप्त्यावर आहे दादा.

उसाचा_फड:
लगा बोटीतलं मला काय कळत न्हाई, आमी वाळव्याची माणसं, पण वाचून आज्ज्याची आठवण झाली. उसाची बैलगाडी भरताना मागं मोळ्या जास्त पडल्या की गाडी उलाळ, जू वर उचलतंय अन् बैलांच्या गळ्याला फास बसतोय. पुढं जास्त झाल्या की धुरजड, सगळा बोजा बैलांच्या मानेवर. आज्जा गाडी भरली की बैल जुपायच्या आधी एकदा धुरा हातानं उचलून बघायचा, अन् मग दोन मोळ्या हिकडच्या तिकडं. तुझी बोट उलाळ झालीया, दुसरं काय न्हाई. आणि ट्यूब अर्धी का भरली म्हणतोस तर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात आमी पण पाणी भरतो, पाऊण चाक. पण चाक जमिनीवर असतंय भावा, तुझी बोट पाण्यावर हाय.

तारकर्ली_रिटर्न:
फड दादांनी अर्धं उत्तर दिलंच. मूळ गाव तासगावकडं, पण मालवण-तारकर्लीच्या बाजूला वॉटरस्पोर्टवर ७ वर्षं बोट चालवलीय. आधी एक सांगा, व्हिडिओ कोण काढत होतं आणि कुठं बसून?

वासोट्याचा_वारा:
९६ वाला. माझ्या मागच्या सीटवर, उजवीकडं. व्हिडिओचं काय मध्येच?

तारकर्ली_रिटर्न:
मध्येच नाही, तिथंच सगळं आहे. स्टिअरिंग उजवीकडं, तुम्ही ८४, तुमच्या मागं ९६, म्हणजे १८० किलो एका अंगाला आणि डावीकडं ७० वाला एकटा. बोट उजवीकडं दबली. ज्या बाजूला बोट दबते तिकडची लाट घट्ट आणि स्वच्छ राहते, जी बाजू हलकी पडून वर उचलली जाते तिकडची फुटते. वेकसर्फिंगवाले, म्हणजे दोर सोडून नुसत्या लाटेवर फळी चालवणारे, तर हे मुद्दाम करतात, एका बाजूला वजन टाकून एकच मोठी लाट काढतात. वेकबोर्डला दोन्ही लागतात, म्हणून फेस ज्या बाजूला त्या बाजूला वजन सरकवायचं. इंजिन वाकडं बिकडं काही नाही, मित्राला उचलून डावीकडं बसवा. प्रोपेलरचे पैसे सध्या खिशात ठेवा.

आता पुढं-मागं. सगळं मागं टाकलं की लाट उंच पण उभी आणि आखूड होते, नवख्याला ती पायाखालनं ठोसा मारल्यासारखी लागते. थोडं पुढं आणलं की तीच लाट लांब उतरंडीची होते, रॅम्पसारखी, मग उडी आपोआप निघते. आम्ही मागं ६० पुढं ४० टक्क्यापासून सुरू करायचो आणि मग १०-२० किलो इकडंतिकडं. पण नाकात फार घालू नका, बोट पाणी खणत जाते अन् स्पीड कमी करताना पुढनं पाणी आत येतं. बोट पाण्यावर येईपर्यंत इंजिनाचा ट्रिम, म्हणजे इंजिन आत-बाहेर कलवायचा कोन, पूर्ण आत ठेवायचा, नाक खाली राहतं. वर आल्यावर हळूहळू बाहेर. नाक खालीवर टपटपायला लागलं की परत आत.

स्पीड २६-२८ कमी पडतोय, तुम्ही वजन वाढवलं पण वेग तिथंच ठेवला. जड बोटीची लाट कमी वेगात फुटतेच. ३० ला जाऊन बघा, मग ३२. भाऊ नवीन असेल तर त्याच्यावर नको. आणि दोर कुठला आहे? बनाना राईडचा पिवळा असेल तर तो रबरासारखा ताणतो, उडी मारताना हातात ढिला पडतो, आणि कुठं तुटला तर सुटून बोटीतल्या माणसाच्या तोंडावर येतो. न ताणणारा वेकबोर्डचा घ्या. लांबी आधी १५ मीटर, मग लाट बघत १८. आउटबोर्डच्या मागं लाट लवकर पसरून विरते, २०-२२ मीटरवर तुमच्या भावाला चाखायला काहीच उरणार नाही.

वाळू काढून टाका. पंप चोकअप झाला ते तर आहेच, पण मोठी गोष्ट अशी की उद्या बोटीत पाणी भरलं तर पाण्याची पिशवी पाण्यात वजनच दाखवत नाही, तरंगल्यासारखी राहते. वाळू मात्र वाळूच राहते, बोटीला घेऊन खाली जाते. आणि पाणी ज्यात भराल ते काठोकाठ भरा नाहीतर पूर्ण रिकामं ठेवा. अर्ध्या भरलेल्या ट्यूबमध्ये पाणी कलत्या बाजूला धावतं, त्यानं बोट अजून कलते, मग अजून पाणी धावतं. तुम्ही वाचलात एवढंच.

पलूस_स्टेशन:
लाटेचं चालूद्या, मी फक्त आकडा करून दाखवतो. माणसं चौघं ३१२, भाऊ दोर सोडून वर येणारच म्हणून तो पण धरला. पेट्रोल ५० लिटर म्हणजे ३७ किलो, पट्टीत टाकी धरायची का नाही यावर वाद नको, धरा. बॅटरी, नांगर, जॅकेटं, फळी, डबा, ३० किलो. झाले ३७९. ५०० मधनं उरले १२१. तुम्ही १५० किलो वाळू घातली आणि वर ट्यूब. म्हणजे घोट्याएवढं पाणी आलं त्यात नवल नाही. २० लिटरचे ५ कॅन घ्या, १ लिटर म्हणजे १ किलो, कॅनचं वजन धरून १०५ च्या आसपास. सहावा घेऊ नका.

आमच्या तालुक्यात ब्रह्मनाळ आहे. २०१९ च्या पुरात तिथं बोट उलटून माणसं गेली, सांगली जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. ती माणसं जीव वाचवायला बसली होती, तुम्ही हौसेला बसताय. जास्त बोलत नाही.

वासोट्याचा_वारा:
दादा, खरं आहे. पट्टी वाचली होती पण बेरीज कधी केली नव्हती.

जुनं_गाव_पाण्याखाली:
अजून एक. आमचं जुनं गाव त्याच पाण्याखाली आहे, म्हणून सांगतो. धरण भरलेलं असतं तेव्हा ठीक, पण मार्च-एप्रिलनंतर पाणी उतरतं तसे झाडांचे बुंधे, बांध, पडक्या भिंती वर येतात, आणि वर येण्याआधी पाण्याच्या वीतभर खाली असतात, ते दिसत नाहीत. जड बोट आणखी खाली बसते हे लक्षात ठेवा. लाँचच्या रस्त्यात पण हे करू नका, त्यात म्हाताऱ्या बायका बाजार घेऊन बसलेल्या असतात, तुम्हाला पाहिजे असलेली उंच लाट त्यांना नको असते. लोकांच्या होड्या काठाला बांधलेल्या असतात तिथनं पण लांब.

तारकर्ली_रिटर्न:
बरोबर. आणि भाऊ पडला की थ्रॉटल एकदम सोडायचं नाही, हळू कमी करत बोट थोडी तिरकी घ्यायची म्हणजे मागची लाट इंजिनावर सरळ येत नाही. भाऊ शिडीनं चढताना इंजिन बंद, न्यूट्रल नाही, बंद. किल स्विचची दोरी मनगटाला, चालवणारा पडला की ती ओढली जाऊन इंजिन बंद होतं. आणि मागं बघायला एक माणूस हवा, व्हिडिओ काढणारा नव्हे, बघणारा.

वासोट्याचा_वारा (आठ दिवसांनी):

अपडेट देतो. वाळू अंगणात ओतली, आई खूश, कुंड्यांना झाली. ५ कॅन झाकणापर्यंत भरून पट्ट्यांनी बांधले, दोन पुढं नाकाच्या आत, तीन मागं, त्यातले दोन डावीकडं एक उजवीकडं. ९६ वाल्याला डाव्या सीटवर बसवलं, ७० वाला मधोमध तोंड मागं करून. निघायच्या आधी काठावर बोट उभी करून लांबनं बघितली, आज्जा धुरा उचलायचा तसं, अन् एक कॅन वीतभर सरकवला.

पहिली फेरी ३० ला, फेस निम्म्यानं कमी. ३२ ला डावीकडची लाट वरपर्यंत गुळगुळीत, उजवीकडच्या तोडीची. उंची वाळूच्या वेळेपेक्षा कमीच आहे खरं सांगायचं तर, पण भाऊ म्हणतो ही चढता येते, ती नुसती आदळायची. दोर नवीन आला नाही अजून म्हणून पिवळ्यावरच केलं (तारकर्ली दादा रागावू नका, पुढच्या रविवारी नाही करणार), १६ मीटरवर. चौथ्या खेपेला भाऊ डाव्या लाटेवरनं उजव्या लाटेच्या अलीकडं पडला, म्हणजे हवेत होता, तोंडावर पडला पण हवेत होता.

एकच अडचण राहिली. ९६ वाला व्हिडिओ काढायला उठला की डावीकडं लगेच फेस. त्याला बसवून ठेवायचा काही उपाय असेल तर सांगा, डबा संपला की ऐकत नाही.

उसाचा_फड:
डबा डावीकडं ठेव.