पुन्हा: ट्रेलर शनिवारी बघायला जातोय, हायलँडर ओढेल ना?

प्रेषक: फ्रीमाँटवाला

मंडळी, परवा म्हटलं तोच ट्रेलर, गाडीमागे ओढायचा, आत झोपायची सोय असलेला, २०१७ चा. शनिवारी सकाळी ट्रेसीला बघायला बोलावलंय आणि मालकाला तिथंच हो-नाही सांगायचंय. रिकामं वजन ३,९०० पौंड, आमची टोयोटा हायलँडर ५,००० ओढते, म्हणजे बसतंय. पुढे क्वीन बेड, मागे मुलांना बंक, मधलं डायनेट, म्हणजे टेबल-बाकं, मोडून बेड होतो तो आई-बाबांना. योसेमिटीच्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडची साइट जुलैची मिळालीच आहे. अजून काय बघू?

प्रेषक: सॅन होजेचे काका

अरे रिकाम्या वजनावर जाऊ नकोस, त्यात बहुतेक वेळा बॅटरी आणि प्रोपेनसुद्धा धरलेलं नसतं. भरून ४,८०० होईल असं धर, त्याचे १० ते १५ टक्के हिचवर, गाडीच्या मागच्या जोडावर, येतात म्हणजे ६०० च्या आसपास, आणि ते तुझ्या गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडी माणसं-सामान धरून जेवढं वजन पेलते त्यातून जातात. ड्रायव्हरचं दार उघड, खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर आहे, त्यावरचा आकडा इथे टाक. हिचवर किती चालतं तेही मॅन्युअलमध्ये बघ.

प्रेषक: फ्रीमाँटवाला

काका, स्टिकरवर १,३९० आहे.

प्रेषक: सॅन होजेचे काका

मग ६०० गेले, राहिले ७९०. सहा माणसं, बॅगा, मुलांच्या सायकली. नाही बसत रे. आई-बाबांना आमच्या गाडीत दे. आणि पाण्याची टाकी घरून भरून नेऊ नकोस, ३० गॅलन म्हणजे २५० पौंड, तिथे गेल्यावर भर. ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावायचा ब्रेक कंट्रोलर मात्र हवाच.

प्रेषक: सनीव्हेल वहिनी

वजनाचं काका बघतील, पण आई-बाबांना डायनेटवर? आमच्याकडे सासूबाई आल्या तेव्हा तसंच केलं होतं. टेबल खाली घातलं की चार उशा जोडायच्या, मधे फट राहते आणि कंबर नेमकी त्यात जाते. शिवाय दोघांपैकी एक आतल्या बाजूला भिंतीशी, रात्री बाथरूमला उठायचं तर दुसऱ्याला उठवायचं. क्वीन त्यांना द्या, तुम्ही दोघं डायनेटवर. जाल तेव्हा दोघांनी खरंच आडवं होऊन बघा, मालकाला काय वाटेल म्हणून लाजू नका.
आणि इंडक्शन घ्या, फोडणीचा वास गाद्यांत बसतो, बाहेर टेबलावर करायची.

प्रेषक: डब्लिनहून

वहिनी, अप्पर पाइन्सला वीज-पाण्याचे हुकअपच नाहीत, इंडक्शन लावणार कशावर? जनरेटर सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७, एवढाच. प्रोपेनची शेगडी बाहेर मांडा. फ्रिज गॅसवर चालतो का तेवढं बघा, आणि चालू करून दोन-तीन तास आधी ठेवायला मालकाला सांगा, तिथे उभं राहून कळत नाही.

प्रेषक: सनीव्हेल वहिनी

बाहेर शेगडी म्हणजे तेच म्हणते मी. पोळ्या घरून करून न्या.

प्रेषक: सहल समिती

सगळ्यांना नम्र विनंती, जुलैची सहल समितीने ठरवलेली आहे, साइटची अदलाबदल परस्पर करू नये, जेवणाची यादीही आमच्याकडे आहे. दुसरं म्हणजे अप्पर पाइन्सला ट्रेलरची मर्यादा २४ फूट आहे. ट्रेलरची लांबी किती ते कुणीच विचारलेलं दिसत नाही.

प्रेषक: फ्रीमाँटवाला

जाहिरातीत २२ आहे.

प्रेषक: सॅन होजेचे काका

तो आकडा बऱ्याचदा नुसत्या डब्याचा असतो, पुढची जीभ, हिचला जोडायचा दांडा, वेगळी. टेप घेऊन जा, हिचच्या टोकापासून मागच्या बंपरपर्यंत माप. २४ च्या वर निघाला तर समितीशी बोल, मी पण बोलतो.
आणि छत बघितल्याशिवाय एक डॉलर देऊ नकोस. आमच्या आधीच्या ट्रेलरला वरच्या व्हेंटच्या कडेचं सीलंट तडकलेलं होतं, वरून चकचकीत, आणि बाथरूमच्या दारात पाय ठेवला की फरशी पावासारखी दबायची. खिडक्यांच्या खालचे कोपरे अंगठ्याने दाब, बाहेरून भिंतीला फुगवटा आहे का ते उन्हात तिरकं बघ. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाच, ३५१८ असेल तर २०१८ चा ३५ वा आठवडा, मग नवे टायर धरूनच भाव कर. परत येताना ताशी ५५ मैलांच्या वर जायचं नाही, ट्रेलर असेल तर तोच नियम.

प्रेषक: फ्रीमाँटवाला

काका, वहिनी, खूप धन्यवाद. क्वीन आई-बाबांना, ठरलं. टेप आहे. छतासाठी शिडी कुणाकडे आहे का, घडीची, हायलँडरमध्ये मावेल अशी? शुक्रवारी संध्याकाळी येऊन नेतो, शनिवारी दुपारी परत.

प्रेषक: डब्लिनहून

आहे, आठ फुटी. गराजच्या बाहेर ठेवतो.