वेगवान तलाव : काठाचाही विचार व्हावा

पोहण्याच्या काही तलावांत स्पर्धकांची वेळ अधिक चांगली लागते, म्हणून त्यांना ‘वेगवान’ म्हणतात. पाणी सगळीकडे सारखेच, मग एखादा तलाव वेगवान कसा, या शंकेला उत्तर देताना सहसा खोलीचा मुद्दा येतो : तलाव खोल असला की तळावरून उलटणारी खळबळ पोहणाऱ्याला कमी जाणवते. माझ्या मते काठाचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. परभणीकडच्या आमच्या बांधीव विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकताना, कोणी वरून मुटका मारला की उठलेली लाट दगडी भिंतीवर आपटून उलटी येई आणि नेमकी श्वास घेतानाच नाकातोंडात जाई. स्पर्धेच्या तलावात पाण्याची पातळी काठाच्या बरोबरीने ठेवतात, त्यामुळे लाट माघारी न फिरता कडेच्या पन्हाळीत सांडून जाते. मार्गिकांमधल्या दोरांवरच्या फिरत्या चकत्या शेजाऱ्याची खळबळ अडवतात, ते वेगळेच. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तलाव ३ मीटर खोल होता आणि १० पैकी कडेच्या २ मार्गिका रिकाम्या ठेवल्या होत्या. तिथले विश्वविक्रम मात्र केवळ तलावाच्या खात्यावर मांडू नयेत, कारण पुढे २०१० पासून बंदी आलेले पॉलियुरेथेनचे (प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) पोहण्याचे वेगवान पोशाखही त्यात वाटेकरी होते. उलट २०२४ चा पॅरिसचा तलाव उथळ म्हणून ‘संथ’ ठरवला गेला, तरी त्यातच चीनच्या पान झानलेने १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला.