तस्करी आणि भ्रष्टाचारावर संशोधन करायचं तर सुरुवात कुठून करू?

ओवी_पुणे:
एमए सोशिऑलॉजीचं शेवटचं वर्ष चालू आहे. मध्यंतरी अमेरिकन अभ्यासक लुईस शेली यांचं 'डार्क कॉमर्स' (२०१८) वाचलं, गेंड्याच्या शिंगांपासून ते ऑनलाइन ड्रग्जपर्यंत सगळं त्यात आहे, आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. घरचे म्हणतात यूपीएससी दे. पण असं करिअर घडतं तरी कसं? आधी क्रिमिनॉलॉजीच करावं लागतं का?

खडूवाला:
अगं शेलीबाईसुद्धा सोशिऑलॉजीच्याच पीएचडी आहेत, तेव्हा ती काळजी सोड. त्यांनी सुरुवात केली सोव्हिएत रशियापासून, जिथे गुन्ह्यांचे आकडे सरकार बाहेर पडूच देत नव्हतं, म्हणजे बघ विषय किती अवघड निवडला! रशियन भाषा पक्की होती म्हणून निभावलं. १९९६ ला सोव्हिएत पोलिसांवरचं पुस्तक आलं, तोवर तो देशच राहिला नव्हता, पण माफिया, लाचखोरी आणि परदेशात पळवलेला पैसा हे सगळं उघड्यावर आलं होतं आणि ते समजून सांगणारी माणसं फार थोडी होती. मग वॉशिंग्टनच्या 'अमेरिकन युनिव्हर्सिटी'त त्यांनी आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी आणि भ्रष्टाचारावरचं संशोधन सेंटर काढलं, पुढे ते जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीत गेलं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की त्यांनी रशिया, युक्रेन, जॉर्जियातल्या तिथल्याच संशोधकांना सोबत घेऊन काम उभं केलं, नुसतं बाहेरून बघून निष्कर्ष काढत बसल्या नाहीत.

श्रीवर्धनकर:
माझ्या मते शेलीबाईंचं खरं काम २०१४ च्या 'डर्टी एन्टँगलमेंट्स' या पुस्तकात आहे, गुन्हेगारी, भ्रष्टाचार आणि दहशतवाद वेगवेगळे अभ्यासूच नका हे त्या ठासून सांगतात. आम्हा रायगडवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या कटातलंच बघ. जानेवारी १९९३ मध्ये आमच्या दिघी बंदरात शस्त्रांचा माल उतरला, ट्रक निघाले, गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले, आणि काय केलं? पैशांचा सौदा ठरला, पैसे हातात येईपर्यंत तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या आणि ट्रक सोडून दिले!! कस्टमवाल्यांनाही पुढे कोर्टात शिक्षा झाल्या. चांदीच्या तस्करीसाठी वर्षानुवर्षं जी वाट पैसे चारून मोकळी ठेवली होती तीच वाट शस्त्रांना मिळाली. आजही तिकडून जाताना संताप येतो.
ओवी, या बॉम्बस्फोट खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा मार्च २०१३ चा निकाल नेटवर फुकट आहे, लांबलचक आहे पण वाचच, कोणी किती घेतले आणि कुठल्या नाक्यावर घेतले ते साक्षीपुराव्यासकट मिळेल.

वकील_ठाणे:
+१. सोबत गुन्हेगार, राजकारणी आणि अधिकारी यांच्या साटंलोट्यावरचा व्होरा समितीचा १९९३ चा अहवालही वाच, छोटासाच आहे. आणि आंतरराष्ट्रीय संघटित गुन्हेगारीविरुद्धचा युनोचा २००० चा पालेर्मो करार, कारण पुढे बरेच देश संघटित गुन्हेगारी टोळीची व्याख्या तिथूनच उचलतात.
एक मात्र सांगतो, विषय "जागतिक तस्करी" असा ऐसपैस घेऊ नकोस. एक बंदर घे, एक माल घे, जमलं तर तिथली बोली शिक.

ओवी_पुणे:
खूप खूप आभार सगळ्यांचे! निकाल डाउनलोड केलाय. श्रीवर्धनकर दादा, जुन्या चांदीच्या धंद्याबद्दल बोलतील असे कोणी रिटायर्ड लोक तिकडे आहेत का? मी यायला तयार आहे.

श्रीवर्धनकर:
आहेत की. मेसेज कर, पावसाळ्याआधी ये.